काशीला निघालेला कॅप्टन

माझ्या मुलाच्या साठीच्या लग्नात काशीयात्रा मीच घालायला लावली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी कुजबुजायला नको. आमच्या गल्लीतल्या बायका अजून म्हणतात, वेंकूबाईंनी हट्ट केला नसता तर एवढं रामायण झालं नसतं. म्हणू देत. ज्यांच्या घरी कधी काही घडत नाही, त्यांनाच दुसऱ्याच्या घरचं मोजायला वेळ असतो.

इकडे तंजावुरात नवऱ्याला साठ वर्षं पुरी झाली की त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात. आमच्या मराठी घरांनी ही रीत कधी उचलली ते आता कुणाला आठवत नाही. पुन्हा मांडव, पुन्हा मंगळसूत्र, पुन्हा पंगत. नवरीला घर सोडून कुठे जायचं नसतं, म्हणून रडारड तेवढी वाचते.

आमचे हे अठ्ठावन्नाव्या वर्षीच गेले. रेल्वेत होते. जन्मात एक गाडी चुकवली नाही, साठी तेवढी चुकवली. तेव्हापासून मी ठरवलं होतं, माझी नाही तर नाही, सत्याची साठी मी डोळे भरून बघणार. सत्या म्हणजे माझा मुलगा सत्यनारायण. विमान चालवतो, लोक त्याला कॅप्टन म्हणतात. दिवस शुक्रवारचा निघाला. साडेदहाला राहुकाळ लागणार, त्याच्या आत माझ्या सुनेच्या, चंद्रमतीच्या गळ्यात मंगळसूत्र पडायला हवं. मला एवढंच हवं होतं. बाकी जगाचं जगाने बघावं.

विधवेने असल्या कार्यात मागच्या खोलीत बसावं असं जुनी माणसं म्हणतात. जुनी माणसं आता मीच उरले आहे. मी खुर्ची मांडवात पुढे टाकली, शास्त्रीबोवांच्या अगदी नाकासमोर. फक्त मंगळसूत्राचं ताट वडीलधाऱ्या सवाष्णींपुढे फिरतं, सगळ्या त्याला हात लावून आशीर्वाद देतात, त्या ताटाला मी हात लावणार नव्हते. ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. ते माझं मी ठरवलं होतं.

आता काशीयात्रा. लग्नाआधी नवरामुलगा छत्री, काठी, पंखा घेऊन रस्त्याला लागतो. म्हणतो, मला संसार नको, मी चाललो काशीला. मुलीचा बाप नाहीतर भाऊ मागून धावतो, हातापाया पडतो, मागशील ते देतो म्हणतो, मग मुलगा परत फिरतो. सगळा कोपऱ्यापर्यंतचा खेळ. पण सत्याच्या पहिल्या लग्नात हा खेळ झालाच नाही. त्या दिवशी नवरदेव स्वतःच विमान उशिरा घेऊन आला आणि घामेजलेल्या अंगाने सरळ बोहल्यावर चढला. तेहतीस वर्षं ते माझ्या मनात सलत होतं.

शास्त्रीबोवा म्हणाले, "अम्मा, साठीच्या कार्यात काशीयात्रा शास्त्रात नाही."

मी म्हटलं, "शास्त्रात दक्षिणा आहे ना? मग ती घ्या आणि छत्री उघडा."

एवढं सरळ होतं. घोळ झाला तो वैमानिकांमुळे.

सत्या त्यांच्या युनियनचा अध्यक्ष. कंपनीशी त्यांचा करार वर्षभर अडकला होता, आणि अडकला होता पेन्शनवर. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, तरी मला ते समजलं, कारण घरात दुसरं बोलणंच नव्हतं. आजवर कंपनी म्हणायची, नोकरी संपली की मरेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम घ्या, तुमच्यामागे निम्मी बायकोला. आता कंपनी म्हणत होती, तुमच्या नावाने पैसे बाजारात लावू, वाढले तर तुमचं नशीब, बुडाले तर तेही तुमचंच. म्हातारे वैमानिक जुन्याला चिकटून होते. तरण्यांना नवं हवं होतं, कारण तरण्यांना उद्या दुसऱ्या कंपनीत उडी मारायची असते आणि आपलं गाठोडं बरोबर न्यायचं असतं. आणि कंपनीच्या बाजूने टेबलावर बसतो कोण? तर मुरलीकृष्ण, चंद्रमतीचा सख्खा धाकटा भाऊ! तिची पत्रिका मी स्वतः तीन जोशांना दाखवून घेतली होती. पत्रिकेत हे नव्हतं.

कार्याला सत्याचे वैमानिक आले ते त्रिचीला विमानातून उतरून, तिथून बसने, उभ्याने. आकाशात राज्य करणारी माणसं मांडवात शिरली तेव्हा त्यांचे सदरे चुरगळलेले होते आणि सगळ्यांना आधी कापी, म्हणजे कॉफी, हवी होती. म्हाताऱ्यांचा म्होरक्या कॅप्टन वेंकटरमण, टक्कल आणि ढेरी दोन्ही तुकतुकीत. तरण्यांचा म्होरक्या प्रणवेश, दाढी कोरलेली, हातातला मोबाइल कधी खाली नाही. दोघेही मला पाट्टी म्हणत, म्हणजे आजी. वेंकटरमणने म्हणावं हे जरा जास्तच होतं.

या लोकांची एक तऱ्हा आहे. विमानात दोघे बसतात, आणि चालवायचं काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना घेणाऱ्याने म्हणायचं, माझ्याकडे, आणि देणाऱ्याने म्हणायचं, तुझ्याकडे. दोघं बोलल्याशिवाय कुणी हात सोडायचा नाही, आणि बोलून झालं की देणाऱ्याने मध्ये बोट घालायचं नाही. ठीक आहे, तिथे जिवाचा प्रश्न असतो. पण ही सवय त्यांच्या हाडात गेलेली. मी नारळ उचलून प्रणवेशच्या हातात दिला, तर तो म्हणतो, "माझ्याकडे नारळ," आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा. हात सोडेना. मागून वेंकटरमण ओरडला, "पाट्टी, 'तुझ्याकडे नारळ' म्हणा, नाहीतर तो संध्याकाळपर्यंत असाच उभा राहील!"

"तुझ्याकडे नारळ, मेल्या," मी म्हटलं. तेव्हा कुठे नारळ हलला.

नाश्त्याच्या पानावर पेन्शन सुरू झालं.

"बाजार पडला तर म्हातारपणी काय खाशील? बाजाराचा आलेख?" वेंकटरमण इडली मोडत म्हणाला.

"अंकल, कंपनीच पडली तर तुमचं दरमहा कोण देणार? इडली?" प्रणवेश.

"आणि मी मेल्यावर माझ्या बायकोचं काय?"

"तुम्ही मेल्यावर तुमचा फंड आहे ना त्यांना."

"आणि मी मेल्यावर फंडात काही उरलं नसेल तर?"

"मग तुम्ही मरायच्या आधी जरा कमी खा."

वाढपी सांबाराची बादली घेऊन दोघांच्या मधे उभा, कुणाला आधी वाढावं हे त्याला कळेना. चंद्रमती पलीकडे नऊवारी नेसून, केसात फुलं माळून बसली होती आणि हे सगळं ऐकत होती. ती बोलतच नाही. माझ्या घरात बोलायला जागा कमी आहे, हे मी मान्य करते.

शेवटी मी ताट वाजवून सगळ्यांना उठवलं आणि काशीयात्रा निघाली. सत्याने जरीचं धोतर नेसलं, गळ्यात हार, एका हातात काठी, दुसऱ्या हातात उघडी काळी छत्री. पुढे नादस्वरवाले, म्हणजे आमचे सनईवाले, आणि गळ्यात ढोल अडकवलेला तवीलवाला. त्यांचा नियम सोपा: छत्री जाईल तिकडे वाजवत जायचं, छत्री परत फिरली की फिरायचं. आमच्या गल्लीच्या, मेलवीथीच्या, कोपऱ्यापर्यंत मिरवणूक गेली. तिथे मुरली धावत आला, मेहुण्याच्या पुढ्यात वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "भावोजी, काशीला जाऊ नका. परत या, मागाल ते देऊ!"

सत्याला विनोदाची लहर आली. एरवी त्याला येत नाही. "बहीण तर कधीचीच दिलीस," तो म्हणाला. "पेन्शन देतोस का?"

सगळे हसले. मुरलीही हसला, आणि रंगात येऊन हात वर करून म्हणाला, "दिलं! जुनं होतं तसं, जन्मभर! या परत!" हे त्याने मराठीत म्हटलं, नादस्वरवाल्यांसाठी तमिळमध्ये म्हटलं, आणि वैमानिकांसाठी इंग्रजीतही म्हटलं. म्हणजे सुटायला कुठे फटच ठेवली नाही.

प्रणवेशने ते सगळं मोबाइलवर धरलं होतं. गंमत म्हणून त्याने ते युनियनच्या ग्रुपवर टाकलं. वेंकटरमणने तिथून ते उचललं आणि खाली चार शब्द लिहून देशभरातल्या वैमानिकांना पाठवलं: कंपनीने साक्षीदारांसमोर मान्य केलं.

सत्या परत फिरायला पाय उचलतो तोच प्रणवेश आडवा झाला. "सर, थांबा! तुम्ही परत फिरलात म्हणजे कंपनीचं जुनं पेन्शन तुम्ही स्वीकारलं. आमचं मतदान झालेलं नाही!"

"फिर, कॅप्टन, फिर!" वेंकटरमण नाचायला लागला. "फिर आणि सही कर!"

तेवढ्यात मुरलीचा फोन वाजला. कंपनीचे मोठे साहेब. मुरली नुसतं "होय साहेब, लग्न आहे साहेब, छत्री साहेब" करत होता, आणि त्याचा रंग हळूहळू त्याच्या धोतरासारखा पांढरा होत गेला. फोन ठेवून तो म्हणाला, "भावोजी, मला ते शब्द मागे घ्यावे लागतील."

"मागे घेतलेस तर नवरदेवाला परत फिरता येणार नाही," शास्त्रीबोवा म्हणाले. "वधूपक्षाचा शब्द मोडला की मग खरोखरीच काशी."

"आणि नाही घेतला तर?" मुरलीने विचारलं.

"नाही घेतला तर तरणी पोरं मला घरात शिरू देत नाहीत," सत्या म्हणाला.

बघा कसा फास बसला. शब्द राहिला तर तरणे अडवणार, शब्द गेला तर शास्त्र अडवणार. आणि भर रस्त्यात उभंही राहता येईना, कारण मागे पाण्याची गाडी भोंपू वाजवत होती. माझा मुलगा काय करणार? निघाला उत्तरेला. छत्री निघाली म्हणून नादस्वर निघालं, नादस्वर निघालं म्हणून मिरवणूक निघाली, आणि मागून वैमानिक दोन फळ्या करून भांडत भांडत निघाले.

"सत्या! मुहूर्त!" मी ओरडले.

"आई, वाटाघाटी चालू आहेत!" तो मागे न बघता म्हणाला. चाळिशी लागलेली असताना त्याने मला असं उत्तर दिलं असतं तर मी कानफटात दिली असती. साठीला हात पोचत नाही.

मी एक ऑटो थांबवली, चंद्रमतीला आत कोंबलं, शेजारी मी बसले. ड्रायव्हरने विचारलं कुठे. मी म्हटलं, त्या छत्रीच्या मागे. त्याने नवरीकडे बघितलं, पुढे चाललेल्या नवऱ्याकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाला, "अम्मा, या वयात पळून चाललाय?"

"तू रस्त्याकडे बघ," मी म्हटलं.

करंदैच्या बस थांब्यापाशी मिरवणूक थांबली, कारण वेंकटरमणला धाप लागली होती. थांब्यावर लोक जमले. कुणी सत्याच्या पाया पडलं, कुणी त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली. कुंभकोणमकडे जाणारी बस आली, कंडक्टरने दारातून विचारलं, "सामी, कुठे?"

"काशी," सत्या म्हणाला. त्याचा चेहरा आता खरोखरीच संन्याशासारखा झाला होता.

"काशी नाही. पापनाशमला सोडतो. पाप तिथेही जातं, आणि तिकीट स्वस्त."

आणि मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या मुलाने एक पाय पायरीवर ठेवला! वेंकटरमण म्हणाला, चढ, याला दबाव म्हणतात. प्रणवेश म्हणाला, चढा, याला वेळ मिळणं म्हणतात. मुरली रस्त्यात बसून पुन्हा मोठ्या साहेबांना फोन लावत होता. दोन्ही फळ्यांचं वर्षभरात पहिल्यांदा एकमत झालं, ते माझ्या मुलाला बसमध्ये चढवण्यावर. आणि त्या गडबडीतही तेच चालू:

"कॅप्टन मेल्यावर चंद्रमती मॅडमना निम्मं मिळालंच पाहिजे!"

"कॅप्टन मेल्यावर ते निम्मं फंडातून का नाही मिळणार?"

"कॅप्टन मेल्यावर बाजार कुणी बघितलाय?"

ऑटोतून चंद्रमती उतरली.

मी म्हटलं, "बस खाली. मी बोलते." ती बसली नाही. नऊवारीचा काठ आवळून गर्दीतून सरळ गेली, बसच्या पायरीशी उभी राहिली, छत्रीच्या दांड्याला हात घातला आणि म्हणाली, "माझ्याकडे छत्री."

सत्याने चाळीस वर्षं विमान चालवलंय. कुणी स्वच्छ आवाजात "माझ्याकडे" म्हटलं की त्याचं तोंड त्याला विचारत नाही.

"तुझ्याकडे छत्री," तो म्हणाला. आणि हात सोडला.

ते शब्द पडल्याबरोबर सगळे वैमानिक सरळ उभे राहिले. पोटं आत, पाठी ताठ. आता ताबा कुणाकडे यात शंकाच उरली नव्हती, आणि शंका नसली की ही माणसं कोकरासारखी चालतात. वेंकटरमणने अर्धवट उघडलेलं तोंड तसंच मिटलं. चंद्रमतीने छत्री डोक्यावर धरली, मागे वळली, आणि समोरून गावात जाणारी टाउन बस येत होती तिला हात केला. छत्री चढली म्हणून नादस्वरवाला चढला. तवील दारातून जाईना, ते खिडकीतून घेतलं. मला प्रणवेशने उचलून आत ठेवलं. "माझ्याकडे पाट्टी," तो म्हणाला, आणि मागचा एक पोरगा म्हणाला, "तुझ्याकडे पाट्टी." मी त्या दोघांनाही जे बोलले ते इथे लिहीत नाही.

टाउन बसमध्ये बायकांना फुकट. मी आणि चंद्रमती निवांत. कंडक्टर वैमानिकांकडे वळला, आणि बाई गं, पुन्हा तेच! वेंकटरमण म्हणाला, सगळ्यांचं एकत्र तिकीट युनियनच्या पैशातून. प्रणवेश म्हणाला, मी पुढच्या थांब्यावर उतरलो तर तुमच्या एकत्र तिकिटाचा मला काय उपयोग, ज्याचं त्याने काढावं. वेंकटरमण म्हणाला, आणि ज्याच्याकडे सुट्टे नाहीत त्याने काय करावं? प्रणवेश म्हणाला, त्याने आधीच साठवायला हवे होते. कंडक्टर म्हणाला, मी शिट्टी मारून सगळ्यांना उतरवतो.

तेव्हा मुरलीने मुकाट्याने पाकीट काढलं. नवरदेवाकडच्यांचा प्रवासखर्च मुलीकडच्यांनी करायचा ही रीत त्याला त्या घडीलाही आठवली, म्हणून त्याच्याबद्दल माझं मत जरा बरं झालं.

"नोंद घ्या," वेंकटरमण मागच्या बाकावरून म्हणाला. "वाहतूक भत्ता कंपनीने मान्य केला."

चंद्रमतीने नुसतं मागे वळून बघितलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

घरी आलो तेव्हा मांडवातल्या घड्याळाकडे बघायची मला भीती वाटली. शास्त्रीबोवा दारातच हात चोळत उभे. "चला, चला, राहू वेशीवर आला!" पण चंद्रमती अंगणातल्या रांगोळीच्या अलीकडेच थांबली. छत्री डोक्यावर तशीच.

"आता काय?" मी म्हटलं.

शास्त्रीबोवांनी डोकं खाजवलं. "काशीयात्रेची छत्री आता यांच्याकडे आहे, अम्मा. म्हणजे काशीला निघालेल्या ह्याच. बोलावल्याशिवाय आत येता येत नाही."

मुरली पुढे झाला. "अक्का, आत चल ना गं, मी हात जोडतो."

"तू थांब," चंद्रमती म्हणाली. "आणि कॅप्टन वेंकटरमण, तुम्ही आणि हा दाढीवाला, तुम्हीही या पुढे. सकाळपासून ऐकतेय. कॅप्टन मेल्यावर निम्मं, कॅप्टन मेल्यावर शून्य, कॅप्टन मेल्यावर बाजार. आज इथे कशाला जमलात? हे शंभर वर्षं जगावेत म्हणून. त्यांच्याच हाराला हात लावून त्यांच्याच तोंडावर मेल्यावर, मेल्यावर! माझ्या मांडवात तो शब्द पुन्हा निघायचा नाही."

"नाही निघणार, मॅडम," दोघे एकदम.

"दुसरं. ते निम्मं. जुनं ठेवा नाहीतर नवं आणा, बायकोच्या निम्म्याला कुणी हात लावायचा नाही. म्हाताऱ्यांनी ते पुढे करून आपलं सगळं वाचवायचं नाही, तरण्यांनी ते विकून मोकळं व्हायचं नाही, आणि मुरली, तू ते पुसायचं नाहीस. बाकीच्यासाठी सोमवारपासून भांडा, हवं तर करंदैच्या थांब्यावर भांडा."

"अक्का, मला एवढा अधिकार नाही."

"सकाळी तीन भाषांत सगळं देत होतास, तेव्हा होता?"

मुरलीने फोन लावला. साहेबांचा आवाज इतका मोठा होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. साहेबांनी विचारलं, तिथे आता नक्की कुणाच्या हातात आहे? मुरलीने छत्रीकडे बघितलं. "साहेब, नवरीच्या." मग साहेबांनी विचारलं, ती सकाळची फिल्म मागे घेणार का ते लोक? वेंकटरमणने प्रणवेशकडे बघितलं, प्रणवेशने वेंकटरमणकडे, आणि दोघांनी चंद्रमतीकडे. तिने मान डोलावली. साहेब म्हणाले, मग निम्मं राहू दे, आणि देवाशपथ, छत्री बंद करा.

प्रणवेश म्हणाला, तरण्यांची हरकत नाही. त्याच्या आईने म्हणे फोन करून सांगितलं होतं की निम्म्याला नाही म्हणालास तर तुला मुलगी कोण देईल ते बघते.

"झालं ना सगळं?" मी म्हटलं. "आता ये!" असं म्हणायला तोंड उघडलं आणि तिथेच अडकले. शास्त्रीबोवा म्हणत होते, "वरपक्षातल्या थोरांनी बोलवायचं असतं, अम्मा. रीतीने. मागशील ते देऊ, घरात ये."

वरपक्षातली थोर मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले, माझा मुलगासुद्धा. तेहतीस वर्षांत मी त्या मुलीला आण म्हटलंय, ठेव म्हटलंय, उरक म्हटलंय. ये म्हणायची वेळ कधी आली नाही, ती नेहमी आधीच आलेली असायची. आणि मागशील ते देऊ? काय मागेल? किल्ल्या? स्वयंपाकघर? माझी पुढची खुर्ची? प्रणवेशने मोबाइल वर धरलेला. म्हणजे जे बोलेन ते पुसता येणार नाही.

मांडवात घड्याळ टकटकत होतं. मला ते मंगळसूत्र बघायचं होतं.

"मागशील ते देऊ," मी म्हटलं. "घरात ये, चंद्रे."

तिने छत्री खाली केली. रांगोळी ओलांडली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हळू म्हणाली, "आत्याबाई, मंगळसूत्राच्या ताटाला पहिला हात तुमचा लागेल. एवढंच मागते."

मी म्हटलं, "वेड लागलंय का तुला? मी कशी? लोक काय म्हणतील?"

"तुम्हाला कधीपासून लोकांचं पडलं?"

शास्त्रीबोवा काहीतरी म्हणणार होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते मंत्र शोधायला लागले.

भुवनाने, शेजारच्या सवाष्णीने, ताट आणलं. हळदीत बुडवलेला दोरा, त्यात सोन्याचं पान. तिने ते माझ्यापुढे धरलं, आणि मी हात पुढे करून काठ धरला. ताट काही सुटेना, ना तिच्याकडून ना माझ्याकडून. वैमानिक सगळे पायांच्या बोटांवर उभे राहून बघत होते. मला कळलं त्यांना काय हवंय ते.

"माझ्याकडे ताट," मी म्हटलं.

"तुमच्याकडे ताट, पाट्टी!" सगळ्या फळीने एका आवाजात उत्तर दिलं, म्हातारे आणि तरणे दोन्ही. नादस्वरवाल्याला वाटलं हाच मुहूर्त, त्याने जोरात धरलं. मी मंगळसूत्राला हात लावला, डोळ्यांना लावला, आणि सत्याच्या अंगावर ओरडले, "बांध आता, का राहूला पंगतीला बसवणार आहेस?"

त्याने बांधलं. घड्याळात साडेदहा वाजायला लागले तेव्हा तिसरी गाठ पडत होती. शास्त्रीबोवा म्हणतात आमचं घड्याळ पुढे आहे. गल्लीतल्या बायका म्हणतात मागे आहे. घड्याळ माझं आहे, ते बरोबर आहे.

करार पुढे झाला. निम्मं राहिलं. उरलेल्यावर ते अजून भांडतायत, आणि भांडायला दर महिन्याला आमच्याच ओसरीवर येतात, म्हणे इथे निर्णय लागतो. कापीचं दूध मात्र कुठल्याच फंडातून येत नाही.

ती काळी छत्री दारामागे खुंटीला आहे. परवा धो धो पाऊस लागला, सत्याला बँकेत जायचं होतं. त्याने छत्री उचलली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "माझ्याकडे छत्री?"

चंद्रमती आत काहीतरी परतत होती. "तुझ्याकडे" काही आलं नाही.

त्याने छत्री परत खुंटीला लावली आणि भिजत गेला.